नाव काय टाकायचं?

माझ्या आवडत्या वस्तूंची यादी करायला बसले तर तिच्यात महाग असं काहीच येत नाही. एक पिवळी कंपासपेटी, एक नोकिया, एक तीन लिटरचा कुकर आणि स्टीलची काही भांडी, जी खरं तर माझी नाहीतच. आत्ता हातात असलेला फोन या सगळ्यांच्या एकत्र किमतीपेक्षा कितीतरी महाग आहे, पण तो यादीत नाही. उद्या तो बदलला तर फोटो नव्यात येतील, आणि आठवड्याभरात मला जुन्याचा रंगसुद्धा आठवणार नाही.

मग या चारच का? पुष्कळ दिवस मला वाटायचं, की त्या टिकल्या म्हणून. पण टिकलेल्या इतरही खूप आहेत. आमच्या घरातलं गोदरेजचं कपाट माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे, त्याच्याबद्दल मला काडीचं प्रेम नाही. हळूहळू लक्षात आलं, की या चारही वस्तूंवर कुणाचं ना कुणाचं नाव होतं, किंवा असायला हवं होतं आणि नव्हतं. त्यावरून आमच्याकडे काही ना काही घडलेलं आहे.

कंपासपेटीचं आधी सांगते, कारण ते लवकर उरकतं.

पाचवीत दादाची कंपासपेटी माझ्याकडे आली. कॅमलिनची, पत्र्याची. कॅमलिन म्हणजे दांडेकरांची कंपनी. १९३१ साली दोघा भावांनी शाईची पूड करून विकायला सुरुवात केली, तिथून रंग, खडू, पेनं असा सगळा पसारा वाढत गेला. आता त्यात जपानच्या कोकुयोचा मोठा हिस्सा आहे. आम्हाला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. कंपासपेटी म्हणजे कॅमलिन, जसं वनस्पती तूप म्हणजे डालडा. तर या पेटीच्या झाकणावर दादाने कर्कटकाच्या टोकाने आपलं नाव कोरलं होतं, तेही इतकं दाबून, की झाकण उघडलं की आतल्या बाजूने उलटी अक्षरं हाताला लागायची. मी त्यावर वहीचं लेबल चिकटवलं आणि माझं नाव लिहिलं. जुलैत लेबलाची कडा सुटायची. मी नवं चिकटवायचे. तेही सुटायचं. पत्र्यावर पावसाळ्यात डिंक धरत नाही. चार वर्षं मी त्या पेटीवर नाव लिहीत राहिले आणि चारही वर्षं लेबलाखाली दादा होताच.

मला याचं फार दुःख होतं असं समजू नका. धाकट्यांच्या वाट्याला येणाऱ्या वस्तू अशाच येतात. स्वेटर, सायकल, पेन्सिलीने उत्तरं लिहिलेली अपेक्षित प्रश्नसंच. बाबांचं चावीचं एचएमटी दहावी झाल्यावर दादाला मिळालं. माझी दहावी झाली तेव्हा घरात दुसरं एचएमटी नव्हतं. इतकंच.

भांड्यांचं मात्र लवकर उरकणार नाही.

आमचं घर कराडजवळच्या एका गावातलं. आजोबा, आजी, थोरले काका आणि काकू, त्यांची दोन मुलं आणि आम्ही चौघं. तिथे भांडं विकत घेतलं की नाव घातल्याशिवाय ते घरी येत नसे. याला कारण होतं. गावात कुणाकडे बारसं, पूजा, तेरावं असलं की आजूबाजूच्या घरांतली पातेली, पराती, पिंपं तिकडे जायची. परत येताना कोणतं कुणाचं हे कळायला नको? शेजारी कालवण दिलं तर वाटी दोन दिवसांनी परत यायची, आणि तीही रिकामी नाही, तिच्यात चिमूटभर साखर का असेना. इतकी फिरणारी भांडी नावाशिवाय सांभाळणार कशी?

भांड्यांच्या दुकानाबाहेर नाव घालणारा स्टुलावर बसलेला असे. हातात जाड पेनासारखं यंत्र, त्याची वायर दुकानातल्या प्लगला. आतल्या विजेच्या चुंबकामुळे टोकाची सुई भराभर खालीवर होते, म्हणून अक्षर सलग रेघेचं न होता बारीक टिंबांचं उमटतं. तो आधी पेन्सिलीने काही आखत नसे. भांडं मांडीवर घ्यायचं, चिठ्ठीवरचं नाव एकदा वाचायचं आणि घर्रर्र. मला ते बघत उभं राहायला फार आवडायचं. स्टीलला गंज धरत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. हवा लागली की पृष्ठभागावर न दिसणारा एक पातळ थर बसतो आणि खालच्या लोखंडाला जपतो. सुईने तो थर फाटतो, पण हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा आपोआप धरतो. हे मी पुढे कॉलेजात शिकले. तेव्हा इतकंच दिसायचं, की भांड्याला पोचे पडतात, कड वाकते, झाकण बसेनासं होतं, पण नाव जसंच्या तसं.

अक्षरं जुळवून वाचायला मी या भांड्यांवरच शिकले असं म्हटलं तरी चालेल. ‘यांजकडून सप्रेम भेट’, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’, ‘सत्यनारायण पूजेनिमित्त’. आजीच्या पितळी हंड्यावरची अक्षरं आणखी जुनी, हातोडी आणि छिन्नीने एकेक टिंब ठोकून काढलेली, खाली शके. त्या हंड्याला आतून कल्हई करायला माणूस यायचा. तो नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर व्हायचा, कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवायचा आणि हंडा आतून चांदीसारखा निघायचा. बाहेर पणजोबांचं नाव.

आणि सगळी नावं पुरुषांची. पणजोबा, आजोबा, काका, बाबा. एखाद्या परक्या माणसाने आमची मांडणी वाचली असती तर त्याला वाटलं असतं, या घरात फक्त पुरुषच स्वयंपाक करतात.

अपवाद एका डब्याचा. तो वरच्या फळीवर, कोपऱ्यात, नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवलेला असायचा. त्यात चिंच असे. मी सात-आठ वर्षांची असताना चिंच चोरायला स्टुलावर चढले आणि डबा फिरवला, तर त्यावर एका बाईचं नाव. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही मला अनोळखी. खाली उतरून आईला विचारलं, “ही कोण?”

आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, “मी.”

आमच्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नसत, पहिलं नावही बदलत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव काढायचं. बऱ्याच घरांत अजूनही करतात, गंमत म्हणून. आईच्या वेळी गंमत नव्हती. त्या दिवसापासून तिला कुणी जुन्या नावाने हाक मारली नाही, माहेरचे सोडून. आणि माहेरीही हळूहळू ती ‘ताई’ झाली. जुनं नाव उरलं ते दोन ठिकाणी. एक तिचा शाळा सोडल्याचा दाखला, आणि दुसरा हा डबा, जो तिच्या मामाने लग्नाच्या आधी घेऊन दिला होता. (ही दोन्ही नावं इथे छापू नकोस, असं तिने मला बजावलंय. म्हणून देत नाही.) डबा तिने मुद्दाम भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, की तसाच ठेवला गेला होता, हे मी कधी विचारलं नाही.

पण आईची स्वतःची म्हणावीत अशी भांडी वेगळ्याच वाटेने घरात आली. बोहारणीकडून.

ज्यांनी बोहारीण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जुने कपडे घेऊन त्याबदल्यात भांडी देणारी बाई ती बोहारीण. बहुतेक जणी वाघरी समाजातल्या. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. दुपारी पुरुष घरात नसताना यायच्या, कारण हा व्यवहार बायकांचा. घेतलेले कपडे त्या धुऊन, शिवून, बटणं लावून जुन्या बाजारात विकतात. घासाघीस अशी चालायची, की तिच्यापुढे आजच्या ऑनलाइन सेलमधली सूट म्हणजे पोरखेळ. आई तीन साड्या आणि एक पँट मांडायची. बोहारीण पँट उजेडात धरून म्हणायची, “बाई, हिला बूड कुठे राहिलंय?” मग एक वाटी. मग आई म्हणायची, “जा मग.” मग बोहारीण पाटी उचलल्यासारखं करायची आणि पुन्हा टेकवायची. जरीची साडी असली तर मात्र तिचा आवाज बदलायचा. खऱ्या जरीत चांदीची तार असते, साडी जाळली की चांदी हाताला येते, त्यामुळे तिची नजर आधी काठाकडे जायची. हे आईलाही ठाऊक असायचं. दोघी ते बोलत नसत.

अशी दहा-पंधरा वर्षांत डबे, पातेली, झाकण्या, एक मिसळणाचा डबा, एक मोठी चाळण घरात आली. काही आईची, काही काकूंची. या भांड्यांवर नाव नव्हतं. दारात झालेला व्यवहार. भांडं थेट मोरीत विसळून मांडणीत जायचं. नाव घालण्यासाठी ते कराडला कोण नेणार? आणि नेलं असतं तरी दुकानात चिठ्ठीवर नाव कुणाचं दिलं असतं, ते मला माहीत आहे.

२००६ साली आजोबा गेले आणि पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या. जमिनीच्या वाटणीला महिने लागले. काका आणि बाबा त्या काळात एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप आजीमार्फत जायचे, तेही एकाच ओसरीवर बसून. त्यात आई आणि काकू काही बोलल्याचं मला आठवत नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही. भांड्यांची वाटणी मात्र एका दुपारी झाली. माजघरात सतरंजी अंथरली, सगळी मांडणी खाली उतरवली. आजोबांचे मावसभाऊ मध्यस्थ म्हणून आले होते. त्यांनी नियम सांगितला आणि तो अगदी सरळ होता: पणजोबांच्या आणि आजोबांच्या नावाची भांडी निम्मी-निम्मी. काकांच्या नावाची काकांकडे, बाबांच्या नावाची बाबांकडे. आणि म्हणाले, “बिननावाचं ते सामाईक. त्याचेही दोन भाग करा.”

बिननावाचा ढीग बराच मोठा निघाला.

आई चौकटीत उभी होती. ती पुढे आली, ढिगासमोर बसली आणि एक डबा उचलून बाजूला ठेवला. म्हणाली, “ही माझी जांभळी पॉलिएस्टर आणि ह्यांचे दोन शर्ट.” कुणाला काही कळेना. तिने दुसरा उचलला. “ही हिरवी सहावारी, पदर फाटलेली.” पातेलं उचललं. “ह्याला चार दिलेल्या. एक नवीच होती, पण तिचा रंग उतरायचा.” मध्यस्थ आजोबा हसले. बाबा हसले नाहीत, ते सतरंजीकडे बघत होते. काका म्हणाले, “याला पुरावा काय?”

त्यावर काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आई त्यांना अक्का म्हणते. अक्का म्हणाल्या, “पुरावा मी. मी दारात होते.” आणि त्याही खाली बसल्या. मिसळणाचा डबा त्यांनी आपल्याकडे ओढला, “हा माझ्या मुंजीतल्या साडीचा,” आणि आई म्हणाली, “हो, मोरपंखी.” मग एकेक भांडं एकीने उचलायचं, साडी सांगायची आणि दुसरीने रंग पुरवायचा. ज्या दोन भावांमध्ये सहा महिने शब्द नव्हता त्यांच्या बायकांनी अर्ध्या तासात तो ढीग संपवला. एका चाळणीवरून जरा अडलं. ती दोघींच्या कपड्यांची होती. ती अक्कांनी घेतली आणि आईला दोन झाकण्या जास्त दिल्या.

शेवटी एक परात उरली. जड, जुनी, कडेला गोल वळलेली. आई म्हणाली माझी नाही. अक्का म्हणाल्या माझीही नाही. मध्यस्थ म्हणाले, मग ही सामाईक.

आजी भिंतीला टेकून बसली होती. आजोबा गेल्यापासून ती फार बोलत नसे. म्हणाली, “ती माझ्या नऊवारीची आहे. लग्नातल्या.”

त्यानंतर तिथे काय बोलायचं हे कुणालाच सुचलं नाही. आजीच्या राहण्याचं ठरलं होतं सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. परातीचंही तसंच ठरलं. घरं म्हणजे काय, मधोमध भिंत घातलेले एकाच घराचे दोन भाग. दर सहा महिन्यांनी आजीची वळकटी, औषधांची पिशवी आणि परात भिंतीच्या या बाजूने त्या बाजूला जायची. परातीत आजी रोज काही मळत होती असं नाही. सासुरवाशिणींच्या दोन्ही चुली आता त्यांच्या त्यांच्या होत्या. पण ती आपल्याबरोबर आली आहे ना, हे ती बघायची. २०१६ मध्ये आजी गेली तेव्हा ती काकूंकडे होती, म्हणून परात तिकडेच राहिली. त्यावरून कुणी काही बोललं नाही.

नोकिया १100 घरात आला तो या वाटण्यांच्या आधी, पण माझा झाला २००९ मध्ये, मी अकरावीला गेले तेव्हा. बाबांनी नवा घेतला आणि हा मला दिला. २००३ साली बाजारात आलेला हा फोन जगात २५ कोटींहून जास्त विकला गेला. त्यात ना कॅमेरा, ना रंगीत पडदा. पण वर टॉर्च होता आणि बटणांवर सलग रबराचं आवरण, धूळ आत जाऊ नये म्हणून. करणाऱ्याने आमचं गाव पाहून केला असावा असा. भारनियमनाच्या दिवसांत त्या टॉर्चवर मी अकरावीचं केमिस्ट्री वाचलं, गोठ्यात गेले, विहिरीवरची मोटर चालू केली. बॅटरी पाच-सहा दिवस चालायची, आणि वीज नसलेल्या गावात ही किती मोठी गोष्ट आहे हे पॉवरबँक घेऊन फिरणाऱ्यांना सांगून कळणार नाही.

पण तो आवडता झाला तो यासाठी नाही. घरातली ती पहिली वस्तू होती जी उघडून दुसऱ्या कुणी आत बघत नव्हतं. कपाट सगळ्यांचं, दप्तर आई झाडायची, वह्या बाबा चाळायचे. फोनचा इनबॉक्स माझा. त्यात मावणारे मेसेज थोडे, त्यामुळे नवा यायचा असेल तर जुना पुसायला लागायचा. कुठला पुसायचा, याच्या विचारात माझं अकरावीचं निम्मं वर्ष गेलं.

फोनच्या मेमरीत बाबांचे काही नंबर तसेच राहिले होते. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले. कारखाना, सोसायटी, डॉक्टर, पंपवाला. त्यात एक होता ‘घर’. मी लावून पाहिला, तर आईने उचलला. आमच्या घरी लँडलाइन नव्हताच; हा आईच्या मोबाइलचा नंबर. आई मंडईत असो, एसटीत असो नाहीतर माहेरी असो, बाबांचा फोन ‘घर’लाच लागायचा. मी ते पुसून ‘आई’ केलं. तेही नाव नव्हेच म्हणा. पण आई निदान एसटीतही आई असते.

कुकर मी २०१५ साली पुण्यात पहिल्या पगारातून घेतला. तीन लिटरचा, स्टीलचा. तिघी मुली एका फ्लॅटमध्ये राहायचो, मेसचं जेवण सोडायचं ठरलं होतं. बंद भांड्यात वाफ कोंडली की दाब साधारण दुप्पट होतो आणि पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. डाळ त्यामुळे लवकर शिजते. हे सगळं पुस्तकात वाचलेलं. पण आपल्या पैशाच्या कुकरची पहिली शिट्टी होते तेव्हा माणूस स्वयंपाकघरात उगाचच उभा राहतो. अजून तोच वापरते. रिंग सहा-सातदा बदलली, शिट्टी एकदा, दांड्याचा स्क्रू कितीदा तरी. दुरुस्त करता येणाऱ्या वस्तूबद्दल मनात जो एक ओलावा असतो तो मला बंद पडल्यावर फेकूनच द्याव्या लागणाऱ्या वस्तूंबद्दल कधी वाटलेला नाही.

दुकानदाराने पैसे घेतले आणि सवयीने विचारलं, “नाव काय टाकायचं?”

हा प्रश्न मी जन्मभर ऐकलेला, पण मला कुणी विचारलेला नव्हता. मी माझं नाव सांगितलं. नुसतं पहिलं. त्याने सुई झाकणावर टेकवली आणि थांबला. “पुढे?”

“एवढंच.”

“ताई, अक्षरांवर पैसे नाहीत. पूर्ण सांगा बिनधास्त.”

मी म्हटलं एवढंच. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. त्याने मग अक्षरं जरा मोठी काढली आणि खाली एक वेलबुट्टी दिली. ती वेलबुट्टी मला अजिबात आवडत नाही, पण आता ती आहे. फ्लॅटमध्ये नावाचा खरंच उपयोग झाला. तिघींची भांडी एका ओट्यावर, आणि घर सोडताना कुकर दोघींचा सारखाच निघाला. माझ्यावर वेलबुट्टी होती. पुढे लग्नात मी नाव बदललं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि फारशी रंजक नाही.

२०२४ च्या मे महिन्यात आई माझ्याकडे आली होती. त्याच सुमारास राज्य सरकारचा निर्णय लागू झाला, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं बंधनकारक. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मी तिला मोठ्या उत्साहाने मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. तिने ऐकली. मग विचारलं, “पण कुठलं?”

“काय कुठलं?”

“आईचं नाव. माहेरचं का सासरचं?”

मला उत्तर देता आलं नाही. बातमीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तुळशीबागेत गेलो. तिला एक लहान कढई हवी होती. बाबा आता एकवेळच जेवतात, मोठ्या कढईत दोघांची भाजी करपते. चार दुकानं फिरून, जड बुडाची, दोन कानांची, हवी तशी मिळाली. पैसे तिने दिले, स्वतःच्या पाकिटातून. मला हात लावू दिला नाही. गल्ल्यावरच्या मुलाने पावती फाडता फाडता विचारलं, “काकू, नाव टाकायचं? बाहेर बसलाय पोरगा, दोन मिनिटांत होईल.”

मी आईकडे बघितलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, आता ती डब्यावरचं नाव सांगणार. मी मनात ते नाव पूर्ण म्हणूनही टाकलं, तिन्ही शब्द.

आईने कढई उलटी करून बूड पाहिलं, बोटाने वाजवून पाहिलं. म्हणाली, “नको. तशीच दे.”

“असू दे ना काकू, फ्री आहे.”

“नको रे. उद्या मोडीत घालायची म्हटली तर दुकानदार विचारतो, ही कोण.”

मुलगा हसला, त्याने कढई वर्तमानपत्रात गुंडाळली. बाहेर आल्यावर आईने पिशवी माझ्याकडे दिली आणि पुन्हा लगेच परत घेतली. म्हणाली, “चल, अक्कांना पण एक बघू. त्यांचीही भाजी करपत असेल.” अक्कांची आम्ही थोडी मोठी घेतली, त्यांच्याकडे माणसं जास्त. दोन्ही सारख्याच दिसत होत्या, बिननावाच्या. आईने त्यांच्या कढईच्या कानाला पिशवीतला लाल दोरा बांधला, गावी पोचेपर्यंत पुरेल एवढा.